सबूरमामाची खुर्ची

पलंग हवा असेल तर पोरगी पाळण्यात असतानाच सांगून ठेवा, असं हिंगणीत लोक चेष्टेनं म्हणत. माझा मामा सुतार होता आणि लाकूड पुरतं वाळल्याशिवाय त्याला करवत लावत नसे. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी मामा एकच शब्द बोले, "सबूर." सगळा गाव त्याला सबूरमामा म्हणायचा. मी लग्न होऊन त्याच गावात गेले, तर सासरीही मी सबूरमामाची भाचीच.

मामाची सबूर संपली ती मामीच्या दुखण्यानं. मणक्याचा क्षय. जमिनीवर बसवलं की तिचा जीव जाऊ पाहायचा. खाटेवर आडवी पडून भाताचे घास गिळायची आणि म्हणायची, "गुरंढोरंही अशी खात नाईत वं."

वर्ध्याच्या दवाखान्यात डेन्मार्कहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मामीला आपल्या घरातल्या जेवणाच्या खुर्चीवर टेकवलं आणि मामाला बाजूला नेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. खुर्ची त्यांच्या मुलखातली होती. निमुळते पाय, पाठीला एकच वाकवलेली पट्टी, दोरीनं विणलेली बैठक, खिळा औषधालाही नाही. मामी तीवर बसली आणि कण्हायची थांबली. अशी खुर्ची असली तर मी बसून भाकर खाईन, म्हणाली. मामानं तिथंच सुतळीनं मापं घेतली.

घरात वाळलेला साग नव्हता. जन्मभर लोकांना थांबवणाऱ्या माणसानं ओलं लाकूड चिरलं. मामा, हे फाकेल, असं मी म्हटलं, तर अंगावर आला. "फाकू दे. ते वाळेपर्यंत तुही मामी राह्यते का?" रंधा मारता मारता रडायचा, देवाला शिव्या द्यायचा. पाठीची पट्टी वाकवताना मोडली की कपाळ बडवून घ्यायचा. शेवटी जमली. बैठक त्यानं अंबाडीच्या सुतळीनं विणली.

मामीला आम्ही उचलून बसवलं, खोक्यावर ताट ठेवलं. मामा रोजच्यासारखा खाली पाटावर बसला. मामीनं त्याच्याकडं पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवून दिला. "तुमच्या डोक्यावर बसून जेवू मी? मले नाई होत थे. खाली ठेवा मले."

मापं सगळी घेतली होती, पण बायको वर आणि नवरा खाली, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो खाटेवर बसला, पण खाट बुटकी. मी म्हटलं, मामा, एखाद्या ठोकळ्यावर बसा की. काय बाई माणूस! त्याला आता तिच्या बरोबरीची दुसरी खुर्चीच हवी होती.

आतून मामी हाका मारायची, जरा जवळ येऊन बसा म्हणायची. हा अंगणात लाकडाशी झोंबत असायचा. शेवटचा पाय तासत होता तेव्हा मामी गेली. मी बाहेर येऊन सांगितलं, तरी त्याचा हात थोडा वेळ चालूच होता. मला अजून त्याचा राग येतो, आणि रडूही.

तेराव्याला मामीच्या नावाचं पान जमिनीवर वाढलं होतं. मामानं ते उचललं आणि तिच्या खुर्चीपुढं खोक्यावर ठेवलं. भाऊबंद कुरकुरले. मामानं कुणाकडं पाहिलं नाही. पाटही न घेता भुईवर बसला आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "जेव आता. मी खालीच बसतो. आता तर तुले उतरता येत नाई."