लागू पडलेली जडीबुटी

ते प्रकरण आठवलं की माझा हात अजूनही आपसूक टकलावर जातो. कल्याणला पोलीस निरीक्षक होतो तेव्हाची गोष्ट.

डोंबिवलीचा एक तरुण तक्रार घेऊन आला. जवळच्या मोहने गावातल्या एका वैद्याची पूड वर्षभर खाल्ली, केस राहिले, नवेही आले. लग्न ठरल्यावर पूड सोडली, तर पुन्हा गळती सुरू! ठाणे अंमलदार गालात हसत होता. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळला. जडीबुटीवाल्यांचे चिक्कार गुन्हे नोंदवले होते, पण लागू पडलेली जडीबुटी पहिल्यांदाच पाहत होतो.

ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांना गाठलं. "ही तर फिनास्टेराइडची चाल," ते म्हणाले. "केसांची मुळं बारीक करणारं हार्मोन ती गोळी कमी करते. गुण यायला महिने लागतात, सोडली की पहिले पाढे पंचावन्न. चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. आणि गरोदर बाईनं तिची पूड हाताळायची नाही. पोटात मुलगा असला तर त्याच्या लैंगिक अवयवांत दोष राहू शकतो."

"माझं काही जमेल?" मी टक्कल दाखवलं.

"साहेब, मुळंच मेली तिथे गोळी काय करणार!"

औषध निरीक्षक आणि पंच घेऊन मोहन्यात छापा घातला. वैद्यबुवांची सून खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. पहिलटकरीण, तिसरा महिना, असं तिनंच विचारल्यावर सांगितलं. महिला शिपायानं तिला ताबडतोब बाजूला घेतलं.

वैद्यबुवा निवांत. "डोंगरातली मुळी आहे साहेब, देवाशपथ."

"मग काळजी नाही," मी म्हणालो आणि डॉक्टरांचं गरोदर बाईबद्दलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आवाजही चढवला नाही.

म्हाताऱ्यानं सुनेच्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. "सूनबाई, हात धू! अगं, आधी हात धू!"

झालं! अर्ध्या मिनिटात त्यानं स्वतःच तांदळाच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून दिली. पंचनामा लिहिताना माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

सुनेला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पुढचे सहा महिने जीव टांगणीला होता, तिचा आणि खरं सांगायचं तर माझाही.

माणूस पोटासाठी देवाची खोटी शपथ घेतो, नातवाची घेत नाही. एवढ्या वर्षांच्या चौकश्यांनी शिकवलं नाही ते त्या एका दुपारनं शिकवलं.

एक दिवस ती सून पेढे घेऊन ठाण्यात आली. मुलगा ठणठणीत, डोक्यावर हे एवढं जावळ! जामिनावर सुटलेले सासरे फाटकाशीच घुटमळत होते.

"आत या की वैद्यबुवा," मी हाक मारली. "नातवाचे केस बघा. बिनऔषधाचे आहेत!"