आईच्या पापण्या आणि माझं पत्रक

पत्रकाचं शीर्षक मीच दिलं होतं: 'सुरकुत्या हा आजार नाही!' खाली क्रीमवाले, लेझरवाले, गोरं करून देणारे, सगळ्यांना एकेक सणसणीत परिच्छेद. शेवटी नेहमीची ओळ: 'वाचून झाल्यावर शेजारणीला द्या.' घड्या घालायला आई बसली होती. आणि तीच आठवड्याभरात म्हणते, "मला डोळ्यांवर लेझर मारून घ्यायचंय."

माझा घास हातातच राहिला. "कशाला?"

"कातडं लोंबाय लागलंय की. करमाळ्याच्या मावशीनं केलंय, लई टवटवीत दिसती."

"मी सोलापूरभर पत्रकं वाटत फिरते आणि माझ्याच घरात..."

"मग तू नको करू. तुला कोण म्हणतंय?"

आई घरी शाळेचे गणवेश शिवते. कारखान्यातून कापलेलं कापड येतं, ती शिवून खोलीतल्या तारेवर टांगते, मालकाचा माणूस घेऊन जातो. ही तार पूर्वी चांगली उंचावर होती. दोन वर्षांत आईनं ती तीनदा खाली घेतली. रोज सकाळी माझं तोंड कुठल्या तरी पाचवीतल्या पोराच्या चड्डीत जायचं आणि मी ओरडायचे. ती म्हणायची, "वाकून चाल की. पुढारी झालीस म्हणून मान ताठ व्हय?"

मान ताठ खरं तर तिची होती. हल्ली ती हनुवटी वर करून बोलायची. भिशीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी मोर्चात भाषणं करते म्हणून हिला मिजास चढलीय. मलाही तसंच वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

शेवटी मी अट घातली: आधी पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारायचं. मला खात्री होती, त्या 'काही गरज नाही' म्हणतील आणि मी जिंकेन.

बाईंनी आईच्या पापण्या उचलून पाहिल्या. "लेझरनं बारीक सुरकुत्या कमी होतील, कातडी थोडी घट्ट होईल. पण मावशी, हे एवढं ओघळलेलं कातडं लेझरनं जागचं हलायचं नाही. कापून काढावं लागेल."

"कापून? नगं बाई. लेझरच मारा."

आता मी उठले. "दोन्ही नको! वय होणं नैसर्गिक आहे," म्हणत पत्रक टेबलावर ठेवलं. बाईंनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "शीर्षक मला मान्य आहे," म्हणाल्या, आणि पत्रक हातात धरून आईसमोर बसल्या. "मावशी, माझ्या नाकाकडं बघा. मान हलवायची नाही. हा कागद वरून खाली आणते. दिसला की बोला."

पत्रक खाली येऊ लागलं. आई गप्प. कपाळापर्यंत आलं, तरी गप्प. मला वाटलं, हिचं लक्षच नाही. ते पार भुवयांशी आल्यावर म्हणाली, "हां, आता आलं."

बाईंनी दोन्ही पापण्या चिकटपट्टीनं वर चिकटवल्या आणि पुन्हा तेच केलं. हात वर जातो न जातो तोच आई ओरडली, "दिसलं की!" मग वर बघून, "अगंबया, हितं घड्याळ हाय व्हय?"

अर्धा तास ते बाईंच्या डोक्यावर टिकटिकत होतं. मला घड्याळाकडे बघवेना. मला आमची तार दिसत होती.

बाहेर पायरीवर मी विचारलं, "दिसत नाही हे सांगितलं का नाहीस?"

"दिसत न्हाय म्हटलं की शिलाई काढून घेत्यात. बोळातल्या काकूचं काम तसंच गेलं. तू नटवी म्हणलीस तर म्हण. नटण्यापायी कुणाचं काम जात न्हाय."

संताप तर मस्तकात गेला होता, फक्त या वेळी तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण आरडाओरडा केला असता तर काम तिचंच गेलं असतं.

शाळा सुरू झाल्या, गणवेशांची घाई ओसरली, तेव्हा आईनं पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं. जाताना मला बजावलं, "मालकाचा माणूस आला तर सांग, आईला नटायचा नाद लागलाय." आणि तो आला. 'सुरकुत्या हा आजार नाही'ची लेखिका दारात उभी राहून म्हणाली, "आई सुंदर व्हायला गेली आहे."

तो मनापासून हसला. "ह्या वयात? बरं बरं. आल्या की निरोप द्या, पुढचं कापड टाकतो."

टाके निघाले, सूज उतरली. आईनं आधी स्टूल ओढलं आणि तार जुन्या खिळ्यावर चढवली. मी तिथून जाताना अजून वाकतेच. मग तिनं आरसा घेतला आणि खूप वेळ बघत बसली.

"एवढ्या सुरकुत्या कधी आल्या गं?"

"आई, तो आजार नाही."

"म्हाईत हाय. पत्रकात वाचलंय." आरसा जरा लांब धरून ती म्हणाली, "पर लेझरचं एकदा विचारून तरी ये."