काकूंनी न लिहिलेली मुलगी

आमच्या विठ्ठलवाडीच्या काकू फेसबुकवर लिहायच्या भरभर आणि खोडायच्या त्याहून भरभर. शेजारचंच दार. पोस्ट टाकण्याआधी मोबाइल घेऊन माझ्याकडे हजर. "वाच गं. कुणाला लागेल का यातलं?" मी म्हणायचे, "मस्त आहे काकू, टाका बिनधास्त." त्या उभ्या उभ्याच दोन वाक्यं काढून टाकायच्या. नेमकी मला आवडलेली.

नावं त्या कधीच लिहीत नसत. उल्हासनगरच्या बाजारात दुकानदाराला घाम फोडणारी त्यांची जाऊ लेखात नुसती 'एक बाई' व्हायची. जाऊबाई तरीही ओळखायच्या आणि खुशीत फोन करायच्या. रुसायच्या त्या ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसे. "लोकांना हवंय तरी काय?" काकू विचारायच्या. मला तरी कुठे ठाऊक होतं!

एकुलत्या एक मुलीबद्दल, सुजाताबद्दल, मात्र एक अक्षर नाही. नवऱ्याला सोडून ती बदलापूरला एकटी राहत होती. "माझं मी लिहीन. तिचं जगाला चघळायला कशाला देऊ?" असं काकूंचं म्हणणं.

एका रविवारी सुजाता आली. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. ती एकदम म्हणाली, "आई, तू मांजरावर लिहितेस, दूधवाल्यावर लिहितेस. माझ्यावर का नाही? माझी लाज वाटते तुला?"

"अगं, तुला जपत होते मी!"

"मला तर लपवल्यासारखं वाटलं."

त्यानंतर काकू कितीतरी दिवस एकच लेख लिहीत होत्या. या वेळी नाव होतं. लेख आधी सुजाताला पाठवला. तिचं उत्तर आलं, "खूप छान लिहिलंयस. पण टाकू नकोस."

काकू चक्रावल्या. "आता याचा अर्थ काय लावायचा?" मी बरेच अर्थ सांगितले. त्यांना एकही पटला नाही. मलाही नाही. लेख त्यांनी टाकला नाही आणि खोडलाही नाही.

पुढच्याच वर्षी काकू गेल्या. बाराव्याला घर नातेवाइकांनी भरलं होतं. सुजाताने मोबाइल काढला आणि तोच लेख सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. 'सुजाता घर सोडून आली, तेव्हा मी आधी लोकांचा विचार केला, मग तिचा,' या वाक्यावर ती अडखळली. पाणी प्यायली आणि शेवटपर्यंत वाचत गेली.

सगळे पांगल्यावर तिने मला विचारलं, "आईला आवडलं असतं का गं?"

मी हो म्हणाले. खरं काय ते मला आजही सांगता येणार नाही.