चार उशांवर बसलेली शालू

मेडिकलच्या दुकानात गॉजपट्ट्या घ्यायला उभी होते, तेव्हा शालूच्या यजमानांचा, वसंतभाऊंचा फोन आला. ‘ताई, आता पट्ट्या नका आणू,’ एवढंच म्हणाले. दुकानदाराने पिशवी पुढे केलेलीच होती... मी ती घेतली आणि घरी आले. दीड महिना होत आला, पिशवी अजून उघडलेली नाही.

शालू आणि मी बोरगाव मेघेत एका गल्लीत राहिलो आणि एकाच शाळेत नोकरी केली. ती भूमिती शिकवायची. फळ्यावरचं वर्तुळ हाताने काढायची आणि ते गोलच निघायचं. साडीच्या निऱ्याही तशाच, एक इकडची तिकडे नाही. सहा वर्षांपूर्वी जामच्या फाट्यावर बसची वाट पाहताना तिला गाडीने उडवलं आणि छातीखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वसंतभाऊंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वजन उचलायची मनाई. सरकारी योजनेतून मंदा नावाची मदतनीस मिळाली, म्हणून ते घर उभं राहिलं. मंदा दिवसभर असायची. आंघोळ, कपडे, आणि मुख्य म्हणजे दर दोन तासांनी शालूची कूस बदलणं. ते चुकलं की पाठीला जखम होते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मग पत्र आलं. निधी कमी झालाय, सगळ्यांची घरी येऊन फेरतपासणी होईल. साहेब येणार म्हटल्यावर आम्ही काय करावं? घर आवरलं! नवी चादर काढली, पोहे केले. मंदाने पाठीमागे चार उशा लावून शालूला खुर्चीत बसवलं, वरून शाल पांघरली, म्हणजे उशा दिसू नयेत. केस मी विंचरले. या हातांनी. साहेबांनी विचारलं, ‘काही त्रास?’ शालू हसून म्हणाली, ‘काही नाई, मजेत आहो. पोहे घ्या ना.’ जाताना ते म्हणाले, ‘मॅडम एकदम टवटवीत दिसतात.’ आम्हाला तर कौतुकच वाटलं, इतके आम्ही शहाणे! पंधरा दिवसांनी आदेश आला: लाभार्थी स्वतः बसू शकतात, मदतनीस आठवड्यातून दोन दिवस पुरे.

उरलेल्या पाच दिवसांत मी जमेल तशी जायची. माझेही गुडघे गेलेले. जखम झालीच. मग तक्रारींच्या दिवशी शालूने कचेरीत जायचं ठरवलं. मी सवयीने फणी घेतली, तर तिने माझा हात धरला. ‘आता नको विंचरू वं. जशी आहो तशी नेजो मले.’ मालवाहू ऑटोत गादी टाकून नेलं. साहेब वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दोन तास ती व्हरांड्यात पडून राहिली, येणारेजाणारे बघत होते. ज्या बाईने कधी निरी चुकू दिली नाही, ती गाऊनवर, विस्कटलेल्या केसांनी... मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी साहेब खाली आले, तेव्हा ती वर्गात बोलायची तशा खणखणीत आवाजात बोलली.

‘साहेब, मी बसली नोती, मले बसवलं होतं. चार उशा होत्या पाठीमागं. तुम्ही शाल बाजूले करून काऊन नाई पाह्यलं?’

‘मॅडम, अहवालात तसं नाही.’

‘मग आता लिहा. आन् माया एकटीचं नका लिहू. ज्याच्या ज्याच्या घरी तुम्ही गेले, तिथं पेशंटले आंघोळ घालूनच समोर आणलं असंन. पाहुण्यासमोर कोण घाण दाखवते?’

साहेबांनी फेरतपासणीचा अर्ज करायला सांगितलं. आम्ही केला. तो विचाराधीन आहे. माणूस गेलं तरी अर्ज विचाराधीनच आहे, याचा मला राग येतो आणि तो ओसरत नाही. जखमेतून विष अंगात भिनलं, असं डॉक्टर म्हणाले. ते कुठून आलं हे कुठल्या कागदावर लिहिणार?

शेवटची आंघोळ घालताना बाया मला म्हणाल्या, तुम्हीच विंचरा. माझा हात उचलेना. मंदाने विंचरलं. कुणीतरी म्हणालं, ‘पाहा, कशी टवटवीत दिसून राह्यली...’ मी उठून अंगणात गेले. नंतर मंदाने ती फणी माझ्याकडे दिली. दातांत तिचे दोन पांढरे केस आहेत. मी ते काढलेले नाहीत.

परवा कळलं, मागच्या गल्लीतल्या लकवा झालेल्या देवरावजींकडे तपासणी येणार आहे. मी सकाळीच गेले. त्यांच्या बायकोने नवी चादर काढली होती, एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात फणी.

‘जरासं आवरून देतो न् यायले,’ ती देवरावजींकडे बघत म्हणाली. ‘पाहुणे येऊन राह्यले.’

मी तिच्या हातातली फणी घेऊन फळीवर ठेवली.

‘राहू दे बाई,’ म्हटलं. ‘पाहुणे नाईत ते.’