सोमवारचा भोंगा

रोह्यातल्या केमिकल कंपनीचा धोक्याचा भोंगा दर सोमवारी सकाळी चाचणीसाठी वाजायचा. गॅस सुटला तर ओलं फडकं नाकाला लावून पळा, असं कंपनीची माणसं गावात सांगून गेली होती. आमच्या वरसे गावात मात्र बायका त्या भोंग्यावर भात चढवायच्या. एकदा तो गुरुवारीच वाजला आणि थांबेना. घसा जळायला लागला.

"आज सोमवार हाय काय गो?" शेजारच्या काकूनं कुंपणावरून विचारलं.

"नाय," आई म्हणाली आणि तिनं तांदूळ धुवायला घेतले. मला भीती वाटली नाही, भूक लागली होती.

आता कंपनीतल्या गॅसवर कॉम्प्युटर लक्ष ठेवतो, इशारा थेट मोबाईलवर येतो. परवा आला. मी न वाचताच बोटानं बाजूला सारला आणि कुकर लावला.