पुंजारामजी आणि आमची चार संत्री

पुंजारामजी आमच्याकडे आले ते छप्पन सालच्या दिवाळीनंतर. अमरावतीला राजापेठेत आम्ही घर घेतले, तेव्हा मागच्या आवारात एक विहीर, संत्र्याची चार झाडे आणि गुडघाभर गवत होते. माझे यजमान कमलाकांत वकिलीत बुडालेले. त्यांचे एक अशील अंजनगाव सुर्जीचे. त्यांनीच सांगितले की, गावचा एक म्हातारा जन्मभर संत्र्याच्या मळ्यात राबला, आता मुलाकडे अमरावतीत रिकामा बसून सुनेच्या कामात चुका काढतो आहे. त्याला बोलवा, सूनही दुवा देईल.

पहिल्या दिवशी ते आले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता चारही झाडांभोवती हिंडले. डोक्याला मळकट पटका, धोतर गुडघ्यापर्यंत, कमरेला खुरपे. मग ओट्याशी येऊन म्हणाले, "कोन पानी देते यायले?"

"मीच देते. रोज," मी अभिमानाने सांगितले.

"मंग फुलतीन कायले? रोज पुरनपोली भेटली तं मानूस काम करते का, वकिलीणबाई?"

मी इंटरला वनस्पतिशास्त्र शिकले होते. मुळे पाणी कसे शोषतात याची आकृती मला अजून काढता येईल. पण संत्र्याला फूल यायला आधी तहान लागते, हे मला पुंजारामजींनी शिकवले. पौष लागायच्या सुमारास ते पाणी तोडत. आळ्यातली माती उकरून मुळ्या उघड्या करत. झाड हळूहळू मलूल होई, पाने वळत, पिवळी पडून गळत. याला ते ताण म्हणत. माघात एक दिवस ते एक पान तोडून मुठीत चुरगाळत, मूठ कानाशी नेऊन पान कुरकुरते का ते ऐकत आणि म्हणत, "झालं. आता द्या." की शेणखत घालून मुळ्या झाकायच्या आणि बेताबेताने पाणी सुरू करायचे. पंधरावीस दिवसांत आवार पांढऱ्या कळ्यांनी भरून जाई. स्वयंपाकघरात फोडणी दिली तरी फुलांचाच वास येई.

ताणाच्या दिवसांत झाडांशी काम नसे, म्हणून ते आठवड्यातून दोनदाच सकाळी येत. वाळक्या काड्या छाटत, बुंध्यांना चुना-मोरचूद लावत, उन्हाळ्यातल्या भेंडी-ढेमशांसाठी वाफे खणून ढेकळे उन्हात तापत ठेवत. चारही झाडांना त्यांनी जावा ठरवले होते. थोरली मानी, मधल्या दोघी भांडखोर, धाकटी लाडावलेली. "धाकटीचा आवाज वाढला हाय," म्हणून तिचीच फांदी आधी छाटत. केशवराव वकिलांचा बडनेऱ्याकडे दोनशे झाडांचा मळा होता. तेही पाणी सोडण्याआधी पुंजारामजींना टांग्यातून नेत. तो मान त्यांना पगारापेक्षा मोठा वाटे. त्या दिवशी पटका धुतलेला असे.

एकसष्ट सालच्या पौषात आमची शैला विषमज्वराने पडली. सात वर्षांची होती. त्या काळी अशा आजारात अन्नच देत नसत. साबुदाण्याची पेज, बार्लीचे पाणी, बस. तिचे अंथरूण मागच्या खिडकीशी होते. दुपारी ताप चढला की ती म्हणे, "आई, एक घास वरणभात. एकच." मी नाही म्हणत असे. एकवीस दिवस मी नाही म्हणत होते. आणि खिडकीबाहेर ती चार झाडे, पाने मिटून, माना टाकून उभी.

एका दुपारी ती झोपली, तेव्हा मी विहिरीवर गेले आणि दोन घागरी धाकटीच्या आळ्यात ओतल्या. एकीला दिले आणि तिघींना नाही, हे मला जमेना. म्हणून तिघींनाही दिले. ओल दिसू नये म्हणून वर कोरडी माती नुसती भुरभुरली आणि गळलेला पाला पसरला. नंतर आठवड्यातून दोन दुपारी हेच. पुंजारामजी येऊन गेले की लगेच, म्हणजे पुन्हा ते येईपर्यंत वरची माती सुकलेली असे. कमलाकांतांनाही मी हे सांगितले नाही.

पुंजारामजी पाने बघत आणि कोड्यात पडत. "यंदा दव लय हाय काय?" एकदा त्यांनी मलाच विचारले. मी म्हटले, "असेल."

त्यांनी आठ दिवस जास्त वाट पाहिली. शेवटी पान कानाशी नेले, बराच वेळ ऐकत राहिले आणि "द्या" म्हणाले, पण पुटपुटल्यासारखे. पंधरा दिवसांनी चारही झाडांवर हिरवीगार कोवळी पालवी आली. फूल औषधालाही नाही.

तोवर शैलाचा ताप उतरला होता. ती उशीला टेकून मऊ भात खात होती, आणि खिडकीबाहेर पुंजारामजी एकेक फांदी वाकवून बघत होते. मग ओट्याशी आले, खुरपे कमरेचे काढून पायरीवर ठेवले.

"दुसरा मानूस पाहा, बाई. माहा अदमास गेला. हा पाला माह्या कानाले वाळला वाटला."

"एखादं वर्ष असं होतं, पुंजारामजी."

"माह्या हातून नाई झालं कधी."

ते गेले. मी खुरपे उचलून आत ठेवले आणि गप्प बसले. हे लिहायला आजही जड जाते. आठवड्याने कमलाकांत कोर्टातून आले ते सांगत, "तुझा पुंजाराम बिथरला आहे. केशवराव टांगा घेऊन गेले होते. त्यांची जमीन भारी, तिथे ताण उशिरा बसतो. आता पाणी सोडायचं की नाही, एवढंच बघायचं होतं. तर म्हणतो, मले नका इचारू, मी आंधळा झालो. परवा लेकीकडे कायमचा निघालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शैलाला शेजारच्या पार्वताबाईंपाशी बसवून पुंजारामजींच्या घरी गेले. सून आशाबाई दारात तांदूळ निवडत होती. पुंजारामजी खाटेवर, शेजारी बांधलेले गाठोडे. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

त्यांनी विचारले, "किती घागरी?"

"एकेका झाडाला दोन. आठवड्यातून दोनदा."

"किती दिस?"

"महिनाभर."

त्यांनी बोटांवर काही मोजले. "म्हंजे ताण बसलाच नोता. वरचा पाला थंडीनं कडक झाला असन, अन् मी समजलो..." चेहरा लाल झाला. "महिनाभर मले उल्लू बनवलं तुमी. रातची झोप नाई मले. दव पडते म्हने."

"चूक झाली."

"काहून केलं असं?"

शैला काय मागत होती आणि मी काय म्हणत होते, ते मी सांगितले. आशाबाईचा तांदळातला हात थांबला.

"मंग मले सांगाचं," पुंजारामजी म्हणाले. "म्या एक वरीस ताणच धरला नसता. संत्रं खाल्लं नाई तं मरते का कोनी?"

"मामंजी, आता गाठोडं सोडू का?" आशाबाईने विचारले. "का वकिलीणबाईले अजून रडवता?"

"तू तांदूळ पाय तुहे. खडे राह्यतेत रोज." ते उठले, पटका बांधू लागले. "केसवरावचा मळा तसाच हाय अजून?"

"हो. ते वाट बघताहेत."

"लय ताण झाला असन. झाडं मरतीन ना बाप्पा." वहाणा पायात सरकवत ते बाहेर पडलेसुद्धा. टांगा पाठवायला सांगते म्हटले, तर गल्लीच्या टोकावरून ओरडले, "टांगा येईस्तोवर मी पोचतो."

केशवरावांचा मळा त्या वर्षी चांगला फुलला. आमच्याकडे मात्र बाजारातून संत्री आणावी लागली, आणि ती सोलताना पुंजारामजी दर वेळी माझ्याकडे बघत.

पुढच्या पौषात पाणी तोडले, त्या संध्याकाळी त्यांनी मागच्या विहिरीचा दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि फाटकाकडे निघाले. कमलाकांतांनी विचारले, "दोर कुठे नेताय?"

"घरी. माघात आनून देतो," ते म्हणाले. "काहून, थे वकिलीणबाईले इचारा."