भोंगेवाले दगडूमामा

माईक हातात घेण्याआधी दगडूमामा चपला काढायचे. माझी रिक्षा, तिच्या टपावर दोन भोंगे आणि मागच्या सीटवर मामा अनवाणी. धारूरच्या डोंगराकडच्या गावांत निवडणूक लागली की पहिलं बोलावणं त्यांना. आवाज असा, की शेतात खुरपणारी बाई उभी राहून ऐकायची. आज याचा प्रचार, उद्या त्याचा. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "चिठ्ठी उमेदवाराची, घसा माझा. तुजं काय जातंय बे?"

माझं काहीच जात नव्हतं. वर माणूस मायेचा, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत. मग कोण कशाला वाद घालतो!

सरपंचाच्या गेल्या निवडणुकीत आमच्या उमेदवारासमोर सुमनबाई उभी होती. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. ऊसतोडीला मुकादम एकट्या माणसाला घेत नाही, कोयता जोडीचाच धरतात. म्हणून ती दिराबरोबर जोडी लावून कारखान्याला जायची, तिथं पाचटाच्या एकाच कोपीत राहायची, आणि जाऊ इकडे दोन्ही घरची लेकरं सांभाळायची. आमच्याकडे हे घरोघर चालतं. खुद्द मामा तरणेपणी विधवा बहिणीबरोबर असेच गेलेले.

आणि आमच्या उमेदवाराची चिठ्ठी आली: "दिराबरोबर एका कोपीत राहणारी बाई गावाची अब्रू काय राखणार?"

मामांनी चपला न काढताच ती वाचली. वरची आळी, मधली आळी, खालची आळी, पार, सगळीकडे वाचली.

दुपारी उमेदवाराच्या पोरांनी दिराला पारावर गाठलं. गजाने त्याचा पाय मोडला. सोडवायला धावलेल्या सुमनबाईला झिंज्या धरून फरफटवलं. मारताना पोरं मामांचंच वाक्य म्हणत होती, मामांच्याच चालीत.

"रिक्षा तितं घाल," मामा म्हणाले. पारापाशी उतरून त्यांनी माईक तोंडाशी धरला. "लोकहो, मी खोटं बोललो," एवढंच बाहेर पडलं. एकाने वायर उपटली, दुसऱ्याने तोच माईक त्यांच्या तोंडावर हाणला. मामा नुसत्या घशाने ओरडत राहिले, कोयता जोडीचाच असतो, माझी बहीणही अशीच गेलती. दर वाक्याला एक गज बसत होता. जबडा तुटला तेव्हा ते गप्प झाले. मी मेला रिक्षाआड लपलो होतो.

सुमनबाई निवडणुकीत पडली. बीडच्या दवाखान्यात एका खाटेवर तिचा दीर, त्याच्या उशाशी ती, पलीकडे मामा. मामांनी हात जोडले. ती रडली नाही, चिडलीही नाही.

"मामा, खोटं सगळ्या गावानं ऐकलं. खरं त्या मारणाऱ्या पोरांनीच तेवढं ऐकलं. आता मी काय करू त्याचं?"

जबडा वाकडाच जुळला. बोललेलं निम्मं कळायचं नाही. तरी मामा रोज एखाद्या घरी जायचे, उंबऱ्यावर बसायचे आणि तेच सांगायचे. कुणी चहा द्यायचं, कुणी कुत्रं सोडायचं. खालची आळी झाली, मधली झाली. थंडीत मामा गेले तेव्हा वरची आळी तेवढी राहिली होती.

मी तिथं अजून गेलेलो नाही. माझा जबडा धड आहे, आणि त्या दिवशी रिक्षा मीच चालवत होतो.